बार्शी लाइटची छोटी गाडी: पहिला रूळ टाकण्याआधीची तयारी

मॉडेल रेल्वेचा लेआउट करायचा म्हटलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा इंजिनाची होते. मग त्या इंजिनाला चालेल तो रूळ येतो, रुळाला पुरेल तेवढी फळी येते आणि उरलेल्या कोपऱ्यात गाव कोंबलं जातं. माझी यादी उलट्या क्रमाची आहे. आधी गाव आणि साल, मग फळी, मग रूळ आणि वायरिंग, मग माती, झाडं, माणसं, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. गेली काही वर्षं मी बार्शी लाइट रेल्वेवरचं एक छोटं स्थानक करतो आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो. कुणाला माथेरान किंवा कोकण रेल्वे करायची असेल तर आकडे बदलून घ्या, क्रम तोच ठेवा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी नॅरोगेज उभी केली. बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली, आणि आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झालाय. प्रत्यक्ष जाऊन मोजावं असं त्यामुळे फारसं उरलेलं नाही. जे करायचं ते जुने फोटो, नकाशे आणि वयस्कर माणसांच्या आठवणी यांच्या आधाराने. मी कुर्डूवाडी आणि पंढरपूर यांच्यामधलं एक काल्पनिक स्थानक धरलं, साल १९२०च्या दशकातलं, आणि दिवस आषाढीच्या चार दिवस आधीचा.

साल ठरलं की वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याखाली त्या सालात काय नव्हतं त्याची यादी करा. ही नकाराची यादी फार उपयोगी पडते. माझ्या पानावर प्लास्टिकची घागर नाही, ट्रॅक्टर नाही, गच्चीवरची काळी टाकी नाही, विजेचा खांब नाही, वेडी बाभूळ नाही असं लिहिलंय. बाजारात एखादी सुबक तयार वस्तू दिसली आणि हात शिवशिवले की हे पान उघडायचं.

त्याच वहीत माणसांना विचारून घेतलेलं टिपत जा. आमच्या शेजारच्या आजी लहानपणी या गाडीने पंढरपूरला गेल्या होत्या. मी फलाटाचा कागद त्यांच्यापुढे ठेवून विचारलं, "आजी, माणसं कुठे बसवू?" त्यांनी फलाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "फलाटावर कोण बसतंय बाबा, सगळी झाडाखाली. गाडी दिसली की उठायचं." त्या एका वाक्याने माझा आराखडा बदलला. स्थानकाची इमारत मी एका कडेला सरकवली आणि मधली सगळ्यात चांगली जागा कडुलिंबाला दिली.

आता माप. १:८७ हे प्रमाण, ज्याला एचओ म्हणतात, भारतात सगळ्यात सोयीचं, कारण माणसं, गाड्या, सुटे भाग त्यात सहज मिळतात. पण आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी. ८७ने भागली तर सव्वाएकोणीस मिमी येते, आणि बाजारातला एचओ रूळ असतो साडेसोळाचा. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या लेआउटवर मेन लाइनचे रूळ जवळ आलेले असतात आणि ते चालवून घ्यावं लागतं. अडीच फुटी नॅरोगेजचं गणित मात्र सुरेख जमतं. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी, आणि ९ मिमीचा रूळ तयार मिळतो. पाव मिमीचा फरक डोळ्यांना कळत नाही. बार्शी लाइट निवडण्याचं माझं एक कारण हेच होतं.

९ मिमीचा रूळ घेताना एन गेजचा घेऊ नका. रुंदी तीच असली तरी त्याचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाट असतात, कारण ते १:१६० साठी केलेले असतात. पेको या ब्रिटिश कंपनीचा नॅरोगेजसाठीचा रूळ मागवा. त्यात स्लीपर रुंद, अंतर जास्त आणि थोडे वाकडेतिकडे असतात. एक उणीव मात्र राहते. बार्शी लाइटचे रूळ यार्डाला ३० पौंड वजनाचे, अगदी हलके होते. अशा रुळाची उंची सुमारे ८ सेंमी. पेकोचा हा रूळ २ मिमी उंच आहे, म्हणजे खऱ्या मापात साडेसतरा सेंमी, आजच्या मेन लाइनवरच्या ६० किलोच्या रुळाहूनही उंच. उपाय सोपा आहे. रुळाच्या बाजू गंजाच्या मळकट तपकिरी रंगाने रंगवा आणि खडी स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरा. तो रंग आणि बारीक चपटा ब्रश रुळाबरोबरच आणून ठेवा, कारण रूळ एकदा चिकटला की आतल्या बाजूला ब्रश नीट पोहोचत नाही.

फळीच्या बाबतीत कंजुषी करू नका. माझी पहिली फळी वॉटरप्रूफ म्हणून विकत घेतलेल्या प्लायची होती. जुलै संपेपर्यंत ती मधोमध चार मिमी उचलली गेली आणि त्या उंचवट्यावर प्रत्येक फेरीत डबे सुटायला लागले. आठ महिन्यांचं काम होतं, सगळं खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून मी ९ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय घेतो, कापल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वार्निशचे दोन हात देतो आणि एक पूर्ण आठवडा खोलीत उभा ठेवून मगच जोडतो.

आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये माझा सगळा लेआउट बसतो, आणि सुताराकडे जाण्याआधी हे कापकाम कागदावर काढून घ्या. शीट २४४ बाय १२२ सेंमीचं असतं. लांबीच्या दिशेने ४५ सेंमीच्या दोन पट्ट्या काढल्या की साधारण ३१ सेंमी उरतात, त्यात साडेसात सेंमीच्या चार पट्ट्या निघतात. ४५च्या पहिल्या पट्टीतून ९०, ९० आणि ६० सेंमीच्या तीन फळ्या होतात: दोन फळ्या देखाव्याच्या, तिसरी पडद्याआडची, जिथे गाड्या उभ्या करून फिरवता येतात. साडेसातच्या चार पट्ट्यांतून तिन्ही फळ्यांच्या खालची चौकट होऊन थोडं उरतं. ४५ची दुसरी पट्टी मागच्या आकाशाला. करवतीचा काप दरवेळी तीन मिमी खातो, तो हिशेबात धरा. ९० सेंमीची फळी जिन्यातून, रिक्षातून आणि कपाटाच्या वरून सहज जाते. शहरातल्या घरात याला फार महत्त्व आहे. जमिनीपासून उंची ११० ते १२० सेंमी ठेवा, म्हणजे खुर्चीत बसल्यावर नजर फलाटाच्या पातळीला येते. आणि हात पोहोचणार नाही अशी जागा ठेवू नका, ६० सेंमीच्या पलीकडे गाडी घसरली की झाडं मोडूनच ती उचलावी लागते.

प्लाय कापायला देण्याआधी एकदा पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. चालती गाडी किती जागा घेते आणि वळणावर कशी दिसते ते कागदावर कळत नाही. परत आल्यावर आराखडा पूर्ण मापात जुन्या वर्तमानपत्रांवर काढा आणि आठवडाभर जमिनीवर पसरून ठेवा. घरातली माणसं त्यावरून ये-जा करतील, काही तरी विचारतील, त्यातून चुका सापडतात. नॅरोगेजला २५ ते ३० सेंमी त्रिज्येचं वळण चालतं, पण पंढरपूरकडचा मुलूख सपाट आहे. रूळ सरळ, किंवा अगदी किंचित वाकडा ठेवला तर जास्त खरा वाटतो. चढ तर नकोच.

वीज थोडक्यात आटपते. एका वेळी एकच इंजिन फिरणार असेल तर साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरे, डिजिटलचा खर्च नंतर करा. रुळांच्या जोडपट्टीवर विजेसाठी विसंबू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. त्यासाठी २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, लाल आणि काळ्या वायरची एकेक गुंडाळी. दोन रंगांशिवाय तिसरा रंग आणू नका. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा, घेताना त्यातलं क्रॉसिंग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, धातूचं आहे ना ते बघा आणि त्याची वीज पालटणारा स्विच सोबतच घ्या. छोट्या इंजिनाची चाकं जवळजवळ असतात, प्लास्टिकच्या क्रॉसिंगवर ते हमखास थांबतं. खडी टाकण्याआधी एक डबा नुसता बोटाने ढकलून सांध्यावरून शंभर वेळा न्या. जिथे चाक खट्ट करतं तिथे कानस लावा. फेव्हिकॉल वाळल्यावर ही संधी मिळत नाही.

माती विकत घेऊ नका. सोलापूर जिल्ह्यातल्या कुणा नातेवाइकाला किंवा मित्राला शेतातली एक डबाभर काळी माती आणायला सांगा. ती उन्हात वाळवा, जुन्या कढईत दहा मिनिटं भाजा म्हणजे किड्यांची अंडी आणि बुरशी मरते, मग पाट्यावर वाटून आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर तलम कापडातून चाळा. यानंतरची पायरी विसरू नका: माती कागदावर पातळ पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काळ्या मातीत लोहकण असतात, चुंबकाला अक्षरशः मिशा फुटतात. तेच कण इंजिनाच्या मोटारीत गेले तर मोटार संपली. दोन-तीनदा फिरवल्यावर चुंबक कोरडा निघाला की माती डब्यात भरा आणि डब्यावर तारीख लिहा.

फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि औषधाचा ड्रॉपर. साबणाचा थेंब नसेल तर पाणी मातीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं, आत झिरपत नाही. आधी एक फूट चौरसाच्या रद्दी प्लायवर करून बघा. वाळल्यावर काळी माती अपेक्षेपेक्षा बरीच गडद दिसते आणि खोलीच्या दिव्यात नुसती काळीकुट्ट वाटते. मी तिच्यात एक चतुर्थांश राखाडी मुरूम मिसळतो. आषाढ दाखवायचा तर चाकोरीच्या खाचांत पातळ वार्निशचे थेंब सोडा, पाऊस पडून गेल्यासारखं चमकतं. हिरवळ अगदी तुरळक, नुकती उगवलेली. भाताच्या प्रदेशासारखं गर्द हिरवं केलंत तर तो सोलापूर राहणार नाही.

झाडं करताना माप धरा. बारा मीटरचा कडुलिंब १:८७ मध्ये जवळजवळ १४ सेंमी होतो. आपण सगळेच झाडं बुटकी करतो, आणि मग डबे राक्षसी वाटतात. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड आणि फांद्या, वर फेव्हिकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा लेप, पानांना रंगवलेला स्पंज किसून. बाभूळ सहा-सात सेंमीची, वर पसरलेली, पातळ, आरपार दिसणारी. एका कडुलिंबाला माझे तीन रविवार गेले.

माणसांसाठी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात जा. १:८७च्या जवळपासची न रंगवलेली माणसं तिथे पाकिटात मिळतात. उंची मोजून घ्या: एकोणीस मिमीच्या आसपास हवी. पण ती कोट-पॅंट घातलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाला वारकरी करावं लागतं. टिश्यू पेपरचा पाच मिमीचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून चिमट्याने कमरेभोवती गुंडाळला की धोतर होतं. डोक्यावर टिश्यूचीच पुंगळी पिळून पागोटं. पताकेला पितळेची बारीक तार, अडीच सेंमीच्या आत, आणि टोकाला गेरूने रंगवलेला कागद. एका बाईच्या डोक्यावर मी तुळशीवृंदावन दिलंय, तीन मिमीचं, उरलेल्या प्लास्टिकच्या काडीतून कोरून, वर हिरव्या स्पंजचा कण. एका बैठकीत चारपेक्षा जास्त माणसं करायला घेऊ नका, पाचव्याला हात थरथरतो. निदान तीस करून ठेवा आणि एकदम चिकटवू नका. पायाला मेणाचा ठिपका लावून चार दिवस जागा बदलत बघा. झाडाखाली गर्दी, विहिरीपाशी दोघं-तिघं, फलाटावर स्टेशनमास्तर एकटा.

धुळीची सोय आधीच करून ठेवा. पंख्याखालच्या लेआउटवर आठ दिवसांत थर बसतो. जुनी सुती साडी चौपदरी करून झाकायला उत्तम, पण ती झाडांवर टेकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना २० सेंमीच्या काड्या उभ्या करा. रूळ पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती चिंधी. पावसाळ्यात फळीखाली सिलिका जेलच्या पुड्या लटकवा.

एवढं सगळं जमलं की इंजिनाकडे वळा. कॅलथ्रॉपने चाकांच्या कोणत्याही जोडीच्या धुरेवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, म्हणूनच इतक्या हलक्या रुळांवर त्याला दमदार गाडी चालवता आली. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याच्यासाठी बांधलेल्या ०-८-४ टाकी इंजिनांचं (पाण्याची टाकी इंजिनावरच, आठ चालती चाकं आणि मागे चार आधाराची) ओझं असंच विभागलेलं होतं. तयार मॉडेल शोधत बसू नका. जपानी काटो कंपनीची ९ मिमीची छोटी मोटारवाली चेसी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, घ्या आणि वरची टप, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फोटोंवरून थ्रीडी प्रिंट करून घ्या. प्रिंटला देण्याआधी चेसीची लांबी, रुंदी, मोटारीची उंची कॅलिपरने मोजून त्याच वहीत लिहा. चेसी आली की टप न चढवताच चालवायला लागा, दोन्ही दिशांना, जितकी हळू जाईल तितकी हळू, माझ्याकडे सध्या तेच चाललंय. कडुलिंबापासून फलाटाच्या टोकापर्यंतचे साठ सेंमी ती पस्तीस सेकंदांत जाते. मला पूर्ण मिनिट हवंय, म्हणजे झाडाखालच्यांना उठायला वेळ मिळेल.