पदाचं नाव नको, कालचा दिवस विचारा

आयटीत करिअर करायचं असेल, तर डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, क्लाउड अशी नुसती नावं ऐकून वाट निवडू नका. त्या कामात असलेल्या एखाद्या सीनियरला गाठा आणि एवढंच विचारा, ‘काल दिवसभर नेमकं काय केलंत?’ डेटाच्या कामात बराच वेळ रिकामे रकाने आणि दोनदा आलेल्या नोंदी निस्तरण्यात जातो, हे तेव्हा कळतं. मग स्वतः हात घालून बघा. गिटहब या प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या वेबसाइटवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावलेली, नवख्यांना जमतील अशी कामं सापडतात. त्यातलं एक तरी तडीस न्या. कोड लिहिण्यापेक्षा चूक शोधण्यातच जास्त रमलात, तर टेस्टिंगचा जरूर विचार करा. त्याला दुय्यम म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. आणि हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच करा, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि मुलाखतींतून सवड मिळत नाही.