कथेतल्या पात्राला ट्रकखाली ढकलू नका

स्पर्धांसाठी आलेल्या कथा वाचून वाचून मला आता दुसऱ्या पानावरच कळतं की शेवटी अपघात होणार. पात्र आठ पानं एका तऱ्हेनं जगतं आणि नवव्या पानावर भलत्याच कारणानं मरतं. नवख्या लेखकांची ही सगळ्यात लाडकी चूक.

एका कार्यशाळेतली कथा सांगतो. एकटा राहणारा म्हातारा. रात्री दाराला कडी, अडसर, कुलूप. अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठून सगळं ओढून बघायचं. जादा किल्ली कुणाकडे नाही, शेजाऱ्यांशी बोलणं नाही. हा भाग झकास उतरला होता. आणि शेवटच्या परिच्छेदात आजोबा रस्ता ओलांडताना ट्रकखाली! विचारलं, "कुलपांचं काय झालं?" तर म्हणे, "ते स्वभाव दाखवायला होतं." सुधारून आण म्हटलं, तर त्याच संध्याकाळी नवा खर्डा हजर. ट्रकच्या जागी हार्ट अटॅक, तोही बसस्टॉपवर. अरे बाबा, अटॅक घरात येऊ दे, रात्री. बाहेर शेजारी दार बडवतायत, आणि ते उघडत नाही.

मी शेवट आधी वेगळ्या कागदावर लिहितो आणि उलटा मागे जातो: इथे पोचायला हा माणूस रोज काय करत असला पाहिजे? उत्तर सापडलं नाही तर कागद फाडतो.

दुसरी खोड न्यायाधीश होण्याची. दारुडा मेला, लोभी बुडाला, कष्टाळूला बक्षीस. फ्रेंच कथाकार मोपासाँची 'नेकलेस' (1884) ही कथा पुष्कळजण हव्यासाची शिक्षा म्हणून वाचतात. मला ते पटत नाही. मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवल्यावर कथेची नायिका मातिल्द तिला कळवते की फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय. मग नवरा-बायको 36,000 फ्रँकचा दुसरा हार घेतात आणि 10 वर्षं कर्ज फेडतात. मूळचा हार खोटा, फार तर 500 फ्रँकचा. सरळ "हरवला" म्हटलं असतं तर? पण चारचौघींत गरीब दिसण्याचीच जिला लाज, तिच्या तोंडून ते निघायचं नाही. मोपासाँ तिला शिक्षा करत नाही, तिला तिच्यासारखं वागू देतो.

"तो फार काटकसरी होता" असलं वाक्य दिसलं की मी खोडतो. रशियन लेखक गोगोलच्या 'ओव्हरकोट' (1842) या कथेतला गरीब कारकून नव्या कोटासाठी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. असा कोट पहिल्याच रात्री चोरीला गेला की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटच्या पानावर अचानक सुधारणारी पात्रं? नकोत.

बालपणीच्या एका जखमेवर सगळं ढकलणं? आळस.

आणि "पात्राचा आवडता रंग कोणता" छाप तयार प्रश्नावल्या भरत बसू नका. त्यापेक्षा त्याचा काहीही न घडणारा एक दिवस तासातासानं लिहून काढा. कंटाळा येईल, येऊ दे. कथेत त्यातली एखादीच ओळ जाईल.