ग्रह बघायला कुठला टेलिस्कोप घ्यावा?

शनीची कडी, गुरूचे चार चंद्र एवढंच बघायचं असेल तर ७० मिमी व्यासाचा रिफ्रॅक्टर पुरतो, भिंगाचा असतो, बाहेर नेला की लगेच सुरू. पण गुरूचे पट्टे, मंगळावरचे डाग नीट दिसायला हवे असतील तर माझं मत सरळ ६ इंची डॉबसोनियन रिफ्लेक्टर (साध्या फिरत्या बैठकीवरचा, आरशाचा टेलिस्कोप) घ्या, कारण स्वस्त रिफ्रॅक्टरमध्ये ग्रहाच्या कडेला जांभळट झाक येते, आरशात ती येत नाही. फक्त आरसे अधूनमधून जुळवावे लागतात आणि बघायच्या आधी अर्धा तास गच्चीवर थंड होऊ द्यायचा, हे खरंच करा हं, खूप फरक पडतो. खोक्यावर ‘५२५ पट मोठं दिसतं’ असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिमी त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच ठीक, त्यापुढे नुसतं धूसर दिसतं.