स्कॉटिश पूर्वज शोधताना: परदेशी गेलेल्याला सोडा, मागे राहिलेली भावंडं धरा

पूर्वज जिथे जाऊन वसला, तिथले कागद आधी संपवा. जन्मस्थळ म्हणून नुसतं 'स्कॉटलंड' हाती आलं तर पुढे सरकू नका; पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं नाव हवं. ते थडग्याच्या दगडावर किंवा मृत्यूच्या दाखल्यात मिळतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचे जुने दाखले याबाबतीत दिलदार आहेत. मुंबई इलाख्यात वारलेल्या स्कॉटिश माणसासाठी ब्रिटिश लायब्ररीतली 'एन/३' ही चर्चच्या नोंदींची मालिका बघा.

जहाजांच्या याद्यांवर भिस्त ठेवू नका. ब्रिटनबाहेर जाणाऱ्यांच्या याद्या सलग अशा १८९० पासूनच्याच आहेत. १८५२ ते १८५७ दरम्यान हायलँड्समधून (स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग) ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या सुमारे ५,००० जणांची कुटुंबवार यादी मात्र टिकली आहे.

आता स्कॉटलंड्स पीपल ही सरकारी साइट उघडा. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी आहे, तेवढा टप्पा सोपा. त्याआधी फक्त चर्चची पॅरिश रजिस्टरं, आणि बहुतेक वंशवृक्ष इथेच चुकतात.

समजा, १८२० च्या आसपास जन्मलेला जॉन मॅकडोनाल्ड हवाय. हायलँड्समधल्या इनव्हर्नेसशायर परगण्यात असे ढीगभर निघतील. त्यातला वयाला जुळणारा एक उचलायचा आणि झाडाला चिकटवायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. तुमचा जॉन रजिस्टरात असेलच असं नाही. ही रजिस्टरं सरकारी चर्चची, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडची; त्यापासून फुटलेल्या पंथांची मुलं तिथे बरेचदा नसतात. त्याच्या आईवडिलांच्या पिढीत, १७८३ ते १७९४ मध्ये, नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, त्यामुळे त्या वर्षांत बऱ्याच जणांनी नोंदच टाळली. हायलँड्समधली कित्येक रजिस्टरं तर सुरूच उशिरा झाली.

म्हणून जॉनला बाजूला ठेवा आणि त्याच्या भावंडांमागे लागा. जॉन १८५५ च्या आधी देश सोडून गेला, पण बहीण गावातच राहून १८७० मध्ये वारली असेल, तर तिच्या मृत्यूच्या दाखल्यात आई आणि वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. स्कॉटलंडमध्ये लग्न झालेल्या बाईचा मृत्यू माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांनी सापडतो. आईवडिलांची जोडी हाती आली की रजिस्टरात एका नावाऐवजी त्या जोडीची सगळी मुलं शोधा. त्यात जॉन असेल, तर १८४१ आणि १८५१ ची जनगणना लावून तपासा: तो देश सोडून गेल्यानंतरही त्या वयाचा जॉन त्याच घरात दिसत असेल, तर तो तुमचा नव्हे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. त्यामुळे तिथला 'वीस' म्हणजे चोवीसही असू शकतो.

दाखल्यातही एक गोम आहे. खबर कुणी दिली, तेही दाखल्यात लिहिलेलं असतं. जावयाने दिली असेल तर सासूच्या आईवडिलांची नावं अंदाजाने सांगितलेली असू शकतात. दुसऱ्या भावंडाच्या दाखल्याशी ताडून पाहिल्याशिवाय ती धरू नका.

गेलिक नावांची वेगळी कटकट. एकच माणूस एका कागदावर डोनाल्ड, दुसऱ्यावर डॅनियल. मोरागची कधी सारा, कधी मेरियन होते. आडनावाच्या सुरुवातीला मॅक (Mac) आणि एमसी (Mc) दोन्ही टाकून बघा.

लग्नाच्या दोन तारखा दोन पॅरिशांत मिळाल्या तर गोंधळू नका. वधू आणि वर, दोघांच्या पॅरिशांत लग्नाची पुकार, म्हणजे चर्चमधली जाहीर घोषणा, व्हायची, तिचीच ती नोंद.