एका वेळी एकच चूक : मैदानावर, वहीत आणि घरात

बास्केटबॉलच्या मैदानात फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर कोणी न अडवता मारायच्या शॉटच्या, रेषेवर उभ्या असलेल्या सातवीतल्या एका मुलीला मी एका दमात पाच गोष्टी सांगितल्या होत्या : पाय नीट ठेव, गुडघे वाकव, कोपर आत घे, नजर रिंगवर ठेव आणि बॉल सोडल्यावर मनगट खाली पडू दे. तिने बॉल दोनदा आपटला, वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले आणि अगदी मनापासून विचारले, “मॅडम, आधी काय करू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी चौदा वर्षांखालील मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि घरी माझा मुलगाही हाच खेळ खेळतो. तिन्ही ठिकाणी माझे निम्मे काम चुका दाखवण्याचे असते. ते कसे करावे याचा विचार मात्र मी त्या प्रश्नानंतरच करू लागले. ज्यांच्या वाट्याला असे काम येते त्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि नव्या प्रशिक्षकांसाठी ही पद्धत लिहीत आहे. एका वेळी एकच चूक निवडावी, ती कशी सुधारायची ते थोडक्यात सांगावे आणि ती सुधारेपर्यंत बाकीच्या चुका दिसत असूनही गप्प बसावे, एवढीच ती पद्धत आहे. त्यातले गप्प बसणे सर्वांत अवघड आहे.

सुरुवात पाहण्यापासून करावी. पहिले दहा शॉट तोंडातून शब्द न काढता पाहावेत आणि बॉल नेमका कुठे चुकतो तेवढेच टिपावे. रिंगपर्यंत पोहोचतच नसेल तर बहुधा गुडघ्यांचा जोर लागत नाही. एकाच बाजूला जात असेल तर कोपर, खांदे किंवा पाय वळलेले असतात. सपाट जाऊन रिंगच्या मागच्या कडेवर आदळत असेल तर बॉल वर न जाता पुढे ढकलला जातो. फ्री थ्रोची रेषा रिंगमागच्या बोर्डापासून ४.६ मीटरवर असते आणि रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. लहान मुलीला ती फार लांब आणि फार चिमुकली वाटते, म्हणून मी खडूने जमिनीवर ४५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढते, कारण रिंग तेवढीच असते, आणि त्यात मुली खेळतात तो ६ नंबरचा बॉल ठेवून दाखवते. बॉलचा व्यास साधारण २३ सेंटिमीटर भरतो. त्याच्या शेजारी जवळजवळ दुसरा बॉल मावेल एवढी जागा उरते. हे पाहिल्यावर मुलींचे खांदे सैल पडतात, आणि निम्म्या चुका तर आखडलेल्या खांद्यांमुळेच होत असतात.

चुका अनेक दिसत असतील तर त्यांतली सर्वांत आधी घडणारी निवडावी. शॉट पायाच्या तळव्यापासून सुरू होतो आणि बोटांच्या टोकांवर संपतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र शेवटची चूक सर्वांत आधी भरते, कारण बॉल तिथूनच सुटलेला असतो. म्हणून मनगटाबद्दल बोलण्याचा मोह आवरावा आणि नजर खालून वर न्यावी.

हे मला पहिल्यांदा कोणी शिकवले असेल तर ते माझ्या सासूबाईंनी, भाकरीच्या परातीशी. लग्नानंतर माझी भाकरी थापताना फुटायची, तव्यावर चिकटायची आणि फुगायचे तर नावच घेत नसे. त्या शेजारी बसून सगळे पाहत असत, पण पहिले कित्येक दिवस पिठाखेरीज कशाबद्दलही बोलल्या नाहीत. पाणी कडकडीत हवे, पीठ परातीला तळहाताने रगडून मळायला हवे आणि गोळा हाताला न चिकटता लोण्यासारखा लागायला हवा, एवढेच त्यांचे म्हणणे असे. मी फुटलेल्या कडा जुळवत बसले की म्हणत, “अगं, कडा फुटू देत. आधी पीठ हाताला कळू दे.” त्या फुटक्या भाकरी घरातल्या सगळ्यांनी काही न बोलता खाल्ल्या. पीठ जमले तशा कडा आपोआप कमी फुटू लागल्या, आणि मगच त्यांनी तव्याच्या आचेचा आणि वरून पाणी फिरवण्याचा विषय काढला.

चूक निवडल्यावर ती सांगण्याची रीत पाहावी. “कोपर बाहेर काढू नकोस” असे म्हटले की मुलीच्या मनात बाहेर आलेले कोपरच उभे राहते. “कोपर बॉलच्या खाली” असे म्हटले तर तिला करण्यासारखे काहीतरी मिळते. वाक्य तीन-चार शब्दांपेक्षा मोठे नसावे आणि शक्य असेल तर सोबत करून दाखवावे. आधी बरोबर, मग ती करते तसे चुकीचे आणि लगेच पुन्हा बरोबर, म्हणजे डोळ्यांत शेवटी बरोबर कृतीच राहते. ही रीत अमेरिकेतील प्रशिक्षक जॉन वुडन यांची आहे. त्यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाने १९६४ ते १९७५ या काळात राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद दहा वेळा मिळवले. त्याआधी ते शाळेत इंग्रजी शिकवत असत, हे मराठीची शिक्षिका म्हणून मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पंधरा सरावांत बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृतींत काय करायचे आणि कसे करायचे याचीच माहिती होती. नुसत्या शाबासकीचा वाटा शंभरात सातच्या आसपास होता आणि नुसत्या रागावण्याचाही जवळपास तेवढाच. आपण मैदानावर किती वेळा “अरे काय हे!” म्हणतो आणि किती वेळा उपयोगी काही सांगतो, हे एखाद्या संध्याकाळी कोणाला तरी शेजारी बसवून मोजून घ्यावे. मी मोजून घेतले आहे, आणि त्या दिवसापासून माझी शिट्टी कमी वाजू लागली.

वुडन नव्या खेळाडूंना पहिल्या सरावात काय शिकवत असत हेही पाहण्यासारखे आहे. देशभरातून निवडून आलेल्या उंचापुऱ्या मुलांना ते स्वतः मोजे कसे चढवायचे ते दाखवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू सराव करू शकत नाही. सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मुलांना तर याची गरज अधिक आहे. त्यामुळे माझ्याकडेही पहिला दिवस मोज्यांचा आणि बुटांच्या नाड्यांचा असतो.

यानंतर येते ते लिहिणे, आणि याच्याशिवाय ही पद्धत चालत नाही. बारा मुलींच्या बारा वेगळ्या चुका डोक्यात राहत नाहीत. राहिल्या नाहीत की आपण समोर दिसेल ते बोलतो आणि आठवड्यात पुन्हा जुन्या वळणावर जातो. वुडन रोजच्या सरावाचा आराखडा मिनिटांसकट लहान कार्डांवर लिहून खिशात ठेवत. मी जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे पुठ्ठे तळहाताएवढे कापून घेते. एका बाजूला सरावाच्या वेळा असतात, दुसऱ्या बाजूला प्रत्येकीच्या नावापुढे एकच शब्द असतो : “कोपर”, “पिव्हट” (एक पाय रोवून वळणे), “डावा हात”, “रिबाउंडला वळणे” (हुकून परत आलेल्या बॉलकडे वळणे). पुठ्ठ्यावर दुसरा शब्द लिहायला जागा नाही हाच त्याचा उपयोग. आठवण करून न देता मुलीने दहापैकी सात वेळा ती गोष्ट बरोबर केली की शब्द खोडायचा आणि पुढचा लिहायचा. सातचा आकडा माझा आहे, कोणी सहा धरला तरी चालेल. रात्री घरी आल्यावर वहीत तीन ओळी लिहाव्यात : कोणाचे काय सुधारले, कोणाचे अडले आणि मी कुठे उगाच बोलले. या खेळाचा जन्मच मुळी कागदावर झाला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि मग मुलांच्या हाती बॉल दिला.

निबंधाच्या वह्यांत हीच पद्धत आणायला मला अधिक काळ लागला. मी वर्षानुवर्षे लाल शाईने पाने भरत असे आणि मुले ती पाने उघडून फक्त गुण पाहत असत. पुढच्या निबंधात त्याच चुका त्याच जागी असत. आता पहिले वाचन मी पेन टेबलावर ठेवून करते. मग ठरवते की या मुलाला या खेपेस काय द्यायचे. शुद्धलेखनच द्यायचे असेल तर मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांपैकी एकच नियम घेते, उदाहरणार्थ शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहावा एवढाच. त्या नियमाच्या चुकांखालीच रेघ मारते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. पालक सभेत याबद्दल विचारणा होते, कारण न तपासलेली चूक पाहून पालकांना शिक्षिकेने हलगर्जीपणा केला असे वाटते. म्हणून वर्षाच्या आरंभीच वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडून लिहून घ्यावे की या महिन्यात आम्ही अमुक एक गोष्ट सुधारत आहोत.

शुद्धलेखनाच्या आधी घडणारी चूक मात्र बहुतेक वेळा आशयातली असते. “माझी आई” या विषयावर एका मुलाने तिच्या प्रेमळपणाबद्दल अर्धे पान भरले होते. मी समासात एवढेच लिहिले, “ती सकाळी पहिले काय करते?” पुढच्या आठवड्यात त्याने लिहून आणले की वडील रात्रपाळी करून पहाटे झोपतात, म्हणून आई गजर वाजण्याच्या आधीच उठून मोबाइल पदराखाली धरते आणि बंद करते. त्या परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका होत्या. मी एकही दाखवली नाही, वर्गात तो परिच्छेद वाचून दाखवला. स्वतः लिहिणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा. पहिल्या फेरीत फक्त मजकूर जागच्या जागी आहे का ते पाहावे, दुसऱ्या फेरीत वाक्ये मोठ्याने वाचावीत आणि शुद्धलेखन शेवटच्या फेरीसाठी ठेवावे. जो परिच्छेद पुढे काढूनच टाकायचा आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसण्यात अर्थ नाही.

घरी हे सगळे विसरायला होते. मुलगा जिल्हा स्पर्धेतला सामना दोन गुणांनी हरला त्या दिवशी, मैदानापासून घरापर्यंत स्कूटरवर, मी त्याला त्याचे चुकलेले पास क्रमाने सांगत आले. तो मागे बसून काहीच बोलला नाही. घरी आल्यावर त्याने बूट गॅलरीत काढून ठेवले आणि पुढचे दोन सामने कधी आहेत हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळले. त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला, आणि तो मी प्रत्येक खेळाडूच्या पालकांना सांगते : मैदानाच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत सामन्याबद्दल आपण होऊन एक शब्द काढायचा नाही. त्याने विचारले तर एक गोष्ट सांगायची, दुसरी त्याने पुन्हा विचारली तरच. पलंगावरचा ओला टॉवेल, उशिरापर्यंतचा मोबाइल, अर्धवट गृहपाठ आणि आजीला दिलेले तुटक उत्तर यांची यादी एकत्र वाचून दाखवू नये. महिनाभर टॉवेल बाजूला ठेवून आजीशी बोलण्याचेच पाहावे, कारण आधीची गोष्ट ती आहे.

अपवाद थोडे आहेत आणि ते कठोरपणे पाळावेत. शॉट मारणाऱ्याच्या पायाखाली पाय टाकणे, उडी मारून उतरताना गुडघे आत वळणे, पावसाने ओल्या झालेल्या सिमेंटवर धावणे आणि कोणाला हिणवून बोलणे या गोष्टी दिसताच खेळ थांबवून सांगाव्यात, मग त्या दिवसाची “एक चूक” कोणतीही असो. उलट सामन्याच्या दिवशी कौशल्याची एकही दुरुस्ती करू नये. टाइमआउट, म्हणजे संघाशी बोलण्यासाठी मागून घेतलेला विराम, एका मिनिटाचा असतो. मुली धापा टाकत येतात आणि पाणी पिण्यातच वीस सेकंद जातात. त्या वेळात “उजव्या बाजूने कट करा”, म्हणजे एकदम दिशा बदलून आत धावा, एवढे एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचते. बाहेरून पालक “पास दे”, “शूट कर”, “मागे धाव” असे ओरडत असतील तर तेही पोहोचत नाही, म्हणून सामन्याआधी पालकांना भेटून फक्त टाळ्या वाजवण्याची विनंती करावी. बहुतेक पालक ती मानतात.

चूक निवडण्यातच आपली चूक झाली असेल, तर काय करावे, हे सांगायचे राहिले. सुरुवातीला जिच्याबद्दल लिहिले त्या मुलीसाठी मी “कोपर” हा शब्द निवडला होता. तीन आठवड्यांत तिचे कोपर सुरेख झाले, पण बॉल डाव्या कडेलाच लागत राहिला. एका संध्याकाळी मी बोर्डाखालची माझी नेहमीची जागा सोडून तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तेव्हा दिसले की तिचे दोन्ही पाय रिंगच्या किंचित डावीकडे वळलेले आहेत आणि कोपर सरळ असूनही सगळे शरीर तिकडेच नेम धरते आहे. मी कोपर पाहिले होते, तळवे पाहिलेच नव्हते. अशा वेळी मुलांपासून लपवू नये. मी तिला म्हटले, “माझं चुकलं, मी आधी पाय बघायला हवे होते.” तिने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि विचारले, “मग कोपराचं काय करू?” मी म्हटले, “ते आता तुझं तुला येतं.” पुठ्ठ्यावरचा शब्द खोडून मी “पाय” लिहिले, खडूने तिच्या बुटांभोवती दोन खुणा केल्या आणि तिने त्या खुणांवर पाय ठेवून पुन्हा बॉल आपटायला सुरुवात केली.