मंगळावर उतरायचंय? आधी उंचीचा नकाशा वाचायला शिका

व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत शिरल्यासारख्या दिसणाऱ्या आभासी जगात, काम करायचंय म्हणणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, "हेडसेट कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: सध्या कुठलाच नको. मी गोव्यातल्या शाळांसाठी चंद्र-मंगळाचे व्हीआर अनुभव तयार करतो, आणि माझा बराचसा वेळ हेडसेट बाजूला ठेवून उंचीचे आकडे चाळण्यातच जातो.

मंगळाची जमीन कुणी मनाने रंगवत नाही. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. त्यावरचा हायराइज कॅमेरा एकाच जागेचे दोन कोनांतून फोटो घेतो आणि त्या जोडीवरून चढउतार काढला जातो. फोटोत एक पिक्सेल साधारण २५-३० सेंटिमीटरचा. उंचीच्या नकाशात मात्र मीटर-दोन मीटरला एक आकडा. थोडक्यात, घराएवढा कडा खरा मिळतो, पायाखालचा खडा मिळत नाही.

हे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, हवा तेवढा तुकडा कापायचा, युनिटी या त्रिमितीय दृश्यं आणि गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा. नवखे अडकतात ते इथे. युनिटीला उंची करड्या छटांमध्ये द्यावी लागते. फाइल ८ बिटची काढलीत तर छटा फक्त २५६. दरीच्या तळापासून माथ्यापर्यंत एक किलोमीटर असेल तर एकेक छटा जवळपास चार मीटरची होते, आणि मंगळावर डोंगरउतारावरच्या भातशेतीसारख्या पायऱ्या उमटतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ छटा मिळतात; पायऱ्या गायब.

त्यानंतरचा मोह उंची ताणण्याचा. ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच, पण पसारा ६०० किलोमीटरचा. सरासरी उतार पाचेक अंशांचा, त्यामुळे त्यावर उभं राहिलं तर डोंगर वाटतच नाही. मग काम देणारा म्हणतो, "जरा उंच करा ना!" करू नका. मॅजेलन यानाच्या रडारवरून केलेली शुक्राची काही गाजलेली दृश्यं उभ्या दिशेत २२.५ पट ताणलेली आहेत. चित्राखाली तशी टीप असते. हेडसेटमध्ये 'चित्राखाली' अशी जागाच नसते. तिथे डोळ्यांपेक्षा पाय आधी विश्वास ठेवतात.

क्षितिजाचंही तसंच. उभ्या माणसाला चंद्रावर क्षितिज अडीच किलोमीटरच्याही आत दिसतं, मंगळावर साडेतीनच्या आसपास. सपाट जमीन पसरून मोकळे झालात तर सगळं जग पृथ्वीसारखंच वाटतं.

डिचोलीकडच्या एका शाळेत चौथीतली मुलगी हेडसेट लावून खाली बसली, दगडाला हात लावायला गेली आणि म्हणाली, "सर, हो दगड खरो?" मी सांगितलं, "दरी खरी, दगड मी ठेवलेला." दगडही खरे हवे असतील तर मंगळावर फिरणाऱ्या रोव्हर गाड्यांच्या वाटेवर जायचं: २०१२ पासून क्युरिऑसिटी गेल विवरात आहे, २०२१ पासून पर्सिव्हरन्स जेझेरोत. त्यांच्या फोटोंवरून पायाजवळची जमीन उभी करता येते.

शाळांना सगळ्यात जास्त हवे असतात ते परताऱ्यांचे, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणारे, ग्रह. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. त्याचे सात ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यांचा आकार, वस्तुमान, फेरीचा काळ यांचे चांगले अंदाज आहेत. पृष्ठभाग कुणीच पाहिलेला नाही. मी ते दृश्य करतो, पण सुरुवातीलाच आवाजात सांगून टाकतो की ही कल्पना आहे.

बाकी बारीकसारीक: पावसाळ्यात इथल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, सुकं फडकं खिशात हवंच. मुलांना खुर्चीवर बसवा, पाच मिनिटांत हेडसेट उतरवा, आणि दृश्यातला कॅमेरा स्वतःहून हलवू नका. नाहीतर कुणाला तरी उलटी होतेच.

पैशाचं स्पष्ट बोलायचं तर गोव्यात निव्वळ परग्रहांवर घर चालत नाही. पण असेच उंचीचे नकाशे समुद्रतळाचेही असतात, आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच आहे. भूशास्त्र शिकलेल्याने थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं. उलट वाट जास्त लांबची आहे, असं माझं मत.

पहिलं काम दाखवायचं असेल तर इस्रोच्या प्रदान या मोहिमांची माहिती देणाऱ्या पोर्टलवर नोंदणी करा आणि चांद्रयान-२ ची माहिती घ्या. चंद्राचा एक छोटा तुकडा उंची न ताणता उभा करा, मापासाठी त्यात एक माणूस ठेवा, आणि कुठला भाग मोजलेला, कुठला तुम्ही मनाने भरलेला, ते दोन रंगांत दाखवा.