लॉ सीईटी: क्रम लावायची कोडी कशी सोडवायची

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे सात ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत आहेत: निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाणा, सिन्नर, विंचूर. निफाडचा चौथा. चांदवडच्या लगेच नंतर येवला. देवळा चांदवडच्या आधी. सटाणा आणि सिन्नर यांच्यामध्ये बरोबर दोन ट्रॅक्टर.

पर्यायांकडे आत्ता बघूच नका. रफ कागदावर १ ते ७ घरं आखा आणि गावांची आद्याक्षरं लिहा. सटाण्याला 'ट' करा, नाहीतर घाईत 'स' आणि 'सि' एकमेकांत मिसळतात. पक्की अट आधी भरा: नि चौथ्या घरात. 'चां-ये' ही अखंड जोडी. 'दे … चां' मध्ये मात्र जागा मोकळी ठेवा; 'आधी' म्हणजे 'लगेच आधी' नव्हे, आणि बहुतेक मार्क इथेच जातात.

मग सर्वांत जास्त अडवणारी अट धरा. मध्ये दोन म्हणजे क्रमांकांत फरक तीनचा, दोनचा नाही. चौथं घर भरलेलं, त्यामुळे ट आणि सि एकतर २-५ वर किंवा ३-६ वर. दोन्हींच्या वेगळ्या चौकटी काढा. ३-६ घेतलं तर उरतात १, २, ५, ७. चां-ये शेजारी बसतात फक्त १-२ वर, मग देवळ्याला आधी जागाच नाही. ही चौकट बाद. २-५ घेतलं तर १, ३, ६, ७ उरतात आणि जोडी ६-७ वरच बसते. दे आणि वि १ व ३ मध्ये, कोणीही कुठेही. ट-सि सुद्धा उलटसुलट चालतात. एकूण चार मांडण्या.

आता प्रश्न वाचा. 'नक्की खरं' विचारलं तर चारही मांडण्यांत टिकणारंच विधान: येवला सातवा. 'असू शकतं' विचारलं तर एकीत बसलं तरी पुरे: विंचूर पहिला. 'विंचूर तिसरा असेल तर' ही अट तेवढ्याच प्रश्नापुरती. पुढच्या प्रश्नाआधी खोडा. 'पैकी कोणता क्रम शक्य आहे' अशा प्रश्नाला चौकट लागतच नाही, एकेक अट घेऊन पर्याय कापत जा.

महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून अडलेल्या प्रश्नालाही शेवटी काहीतरी टिक करूनच उठा. क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) चुकीला ०.२५ मार्क कापतात, तिथे निदान दोन पर्याय बाद झाल्याशिवाय अंदाज नको. एलसॅट या अमेरिकेच्या लॉ प्रवेश परीक्षेतून ही कोडी ऑगस्ट २०२४ पासून गेली, पण सरावाला जुने पेपर उत्तमच.